केबल वळली की जहाज?

जहाजामागे ओढलेली हायड्रोफोनची केबल सरळ असते, हे कागदापुरतं खरं. आकृतीत ती पट्टीनं आखलेली असते, तिच्यावर समान अंतरावर ठिपके आणि प्रत्येक ठिपका म्हणजे पाण्याखालचा एक कान. खऱ्या पाण्यात ती तशी कधीच नसते. प्रवाह तिला एका बाजूला ढकलतो, शेपटाकडचा भाग खाली बसतो नाहीतर वर येतो, आणि जहाजानं सुकाणू जरा हलवलं की ती हालचाल केबलभर सावकाश मागे सरकत जाते. समुद्रतळाखालचे थर शोधणाऱ्या सर्वेक्षणाच्या केबली तर सहा-सहा, आठ-आठ किलोमीटर लांब असतात. त्यांच्यावर खोली राखणारे छोटे पंख बसवतात, मंडळी त्यांना ‘बर्ड’ म्हणतात. मध्ये मध्ये होकायंत्रं, शेवटी जीपीएस लावलेला बोया. एवढं करूनही एखादा हायड्रोफोन नेमका कुठे होता, असं विचारलं तर उत्तर येतं, ‘साधारण इथे’.

माझा संबंध समुद्राशी नाही, समुद्रावरून आलेल्या फायलींशी आहे. ओल्या डेकवर उभे राहून केबल सोडणारे लोक वेगळे. मी कोरड्या खोलीत बसून ‘साधारण इथे’ या दोन शब्दांची किंमत काढत असतो.

मूळ प्रश्न सोपा आहे. दूरवर काहीतरी आवाज करतंय, ते कोणत्या दिशेला आहे? आवाजाची लाट एका कानाशी आधी पोचते, दुसऱ्याशी नंतर. पाण्यात आवाज सेकंदाला साधारण 1500 मीटर जातो. दोन कानांमधलं अंतर माहीत असेल तर उशिरावरून दिशा निघते. कान दोनऐवजी शंभर असले तर दिशा अधिक नेमकी निघते आणि गोंगाटातूनही निघते. यातलं ‘अंतर माहीत असेल तर’ हे शब्द घाईत वाचले जातात. सगळी गोम तिथेच आहे.

500 मीटरची केबल घ्या. प्रवाहामुळे तिचं शेपूट दहा मीटर बाजूला गेलं आणि हिशेब मात्र ती सरळ धरून केला. दहाला पाचशेनं भागलं की 0.02 रेडियन, म्हणजे एका अंशाहून जरासं जास्त. पण 20 किलोमीटरवरच्या जहाजासाठी हाच जरासा कोन 400 मीटर होतो. आणि हा झाला सोपा प्रकार, केबल सरळच राहिली, फक्त तिरपी झाली असा. प्रत्येक हायड्रोफोन आपापल्या परीनं इकडेतिकडे सरकला तर दुखणं वेगळं असतं. तेव्हा अंतर मीटरमध्ये मोजून भागत नाही, ते तरंगलांबीत मोजावं लागतं. पंधरा सेंटीमीटर म्हणजे फार का? 100 हर्ट्झच्या आवाजाची तरंगलांबी पाण्यात 15 मीटर, तिथे पंधरा सेंटीमीटर कोणी विचारत नाही. 1000 हर्ट्झला तरंगलांबी दीड मीटर. आता तेच पंधरा सेंटीमीटर दहावा हिस्सा झाले, फेजमध्ये, म्हणजे लाटेचं एक पूर्ण आवर्तन 360 अंशांचं धरलं तर, 36 अंश. केबल तीच, चूक तीच, फक्त आवाज किनरा झाला आणि आकडेमोड डळमळली.

साधा उपाय म्हणजे प्रत्येक कानाचा आवाज योग्य तितका उशीर देऊन बेरीज करणे. ही पद्धत ढोबळ असली तरी मनानं मोठी आहे. दर कानाला सुमारे 36 अंशांची वेडीवाकडी चूक असली तरी बेरजेचं शिखर साधारण एक तृतीयांशानं खचतं, आजूबाजूला खोटी टेकाडं उगवतात, पण मुख्य डोंगर जागेवर राहतो. हुशार पद्धतींचं मात्र तसं नाही. जॅक केपननं 1969 साली मांडलेली पद्धत अशी: ज्या दिशेकडे बघायचं त्या दिशेचा आवाज जसाच्या तसा ठेवायचा आणि बाकी सगळीकडून येणारी ऊर्जा होईल तेवढी दाबायची. कागदावर याला तोड नाही. पण जागा चुकलेल्या असतील, तर आवाजाच्या खऱ्या उगमाकडून आलेली लाट हिशेबाला ‘त्या दिशेची’ वाटतच नाही. ती उपरी ठरते आणि दाबली जाते. उगम जितका जोरकस, तितका तो जास्त चिरडला जातो. ज्याला शोधायचं त्यालाच पुसून टाकणारं यंत्र!

केपनचा दोष नाही. त्याच्यासमोर होता मोंटानामधला भूकंपमापकांचा प्रचंड अ‍ॅरे, म्हणजे एकत्र ऐकणाऱ्या यंत्रांची मांडणी, भूमिगत अणुस्फोटांचा मागोवा घेण्यासाठी उभारलेला, दोनशे किलोमीटर पसरलेला. त्याचे कान जमिनीत पुरलेले होते. ते लाटेवर डुलत नव्हते.

पुढे यावर जो उतारा रूढ झाला तो मला फार आवडतो. सेन्सरांच्या परस्परसंबंधांचा जो तक्ता असतो, त्याच्या कर्णरेषेवरच्या आकड्यांत एक छोटी संख्या मिळवायची. म्हणजे प्रत्यक्षात नसलेला गोंगाट कागदावर मुद्दाम मिसळायचा. हिशेबाला सांगायचं, ‘बाबा रे, तुला वाटतं तितकं स्पष्ट काही दिसत नाहीये.’ की तो चटकन नरमतो, बारीक सुईसारखी शिखरं थोडी जाड होतात आणि गायब झालेले उगम परत दिसू लागतात. नवीन मुलं सुईसारखं शिखर दिसलं की खूश होतात. शिखराची बारीकी ही पद्धतीची असते, सत्याची नाही, हे त्यांना सांगून पटत नाही. मीही आता सांगत नाही. सेन्सरच्या जागा संगणकावर थोड्या हलवून तोच हिशेब पुन्हा करायला लावतो. सुई जशी नाचते, ती बघितली की बोलावं लागत नाही.

पडद्यावर रोज दिसणारी एक गोष्ट सांगतो. आडव्या अक्षावर दिशा, उभ्या अक्षावर वेळ. प्रत्येक जहाज, प्रत्येक बोट, एखादा देवमासा, यांची एकेक रेष वरून खाली ओघळत येते. जवळून जाणाऱ्याची रेष झपाट्यानं तिरपी होते, लांबच्याची जवळजवळ उभी राहते. मध्येच एका रेषेला बाक येतो. तो उगम वळला असं समजायला हरकत नाही. पण मध्येच एकाच मिनिटाला सगळ्याच रेषा मोडल्या तर? सात जहाजं, ज्यांना एकमेकांचा पत्ता नाही, त्याच क्षणी कशाला वळतील? तेव्हा वळलेलं असतं आपलंच काहीतरी. ज्याचं घड्याळ पुढे आहे त्याला जग उशिरा येताना दिसतं. एकाला उशीर झाला तर तो त्याचा, सगळ्यांनाच झाला तर घड्याळ बघावं.

या एका निरीक्षणावर ही सगळी विद्या उभी आहे, असं माझं मत. उगम अनेक, ऐकणारा एक. ऐकणाऱ्याचा दोष प्रत्येक उगमाच्या उत्तरात शिरतो, उगमाचा स्वतःचा वेग किंवा वळण फक्त त्याच्याच उत्तरात. म्हणून दोन्ही वेगळे काढता येतात. आणि मग प्रश्न उलटाही करता येतो: उगम कुठे आहेत ते माहीत नसतानाही, त्यांच्याच आवाजावरून आपले कान कुठे आहेत हे काढता येईल का?

येतं. 1987 साली रोका आणि शुल्थाइस या संशोधकांनी नेमका हाच विषय घेतला होता. गणित न मांडता नुसती मोजणी केली तरी मजा कळते. एका पातळीवर पसरलेले दहा सेन्सर घ्या, घड्याळं जुळलेली आणि आवाजाचा वेग माहीत असलेला. पहिल्याला मूळ बिंदू मानला तर उरलेल्या नऊ जणांचे प्रत्येकी दोन आकडे अज्ञात, म्हणजे अठरा. संपूर्ण रचना फिरवली तरी आतल्या आत काही बदलत नाही, म्हणून त्यातला एक वजा, सतरा. दूरच्या एका उगमाकडून नऊ उशीर मिळतात, पण तो स्वतःची एक अज्ञात दिशा घेऊन येतो. दोन उगम असले तर मिळकत अठरा आणि देणं सतरा अधिक दोन, एकोणीस. एकानं कमी पडलो! तिसरा उगम आला की मिळकत सत्तावीस, देणं वीस. अचानक सुबत्ता. तीन अनोळखी आवाज, तीन वेगळ्या दिशांचे, आणि दहा कानांची मांडणी उलगडली. दिशा वेगळ्या हव्यात हेही साहजिक आहे. दूरच्या एका उगमाला सेन्सर त्याच्याकडे सरकला की त्याच्यापासून लांब गेला एवढंच कळतं. तो आडवा सरकला तर त्या उगमाला पत्ताही लागत नाही.

तरी दोन गोष्टी आतून कधीच कळत नाहीत. सगळी रचना कोणत्या कोनात फिरलेली आहे ते, आणि ती खरी की आरशातली, ते. उगम सगळे दहा अंश डावीकडे आणि केबलही दहा अंश डावीकडे, तर उशीर तेच राहतात. बाहेरचा एक तरी पक्का खुंटा हवा. सेन्सरांपैकी एकाची जागा आणि तिथून दुसऱ्या एखाद्याची दिशा, एवढं तरी कोणीतरी बाहेरून सांगितलं पाहिजे.

रेडिओ खगोलवाल्यांनी याच अडचणीला वेगळी बगल दिली. रॉजर जेनिसननं 1958 मध्ये दाखवलं की तीन अँटेनांच्या त्रिकोणावर फेजची बेरीज केली तर प्रत्येक अँटेनाची स्वतःची फेजमधली चूक एका बाजूला अधिक, दुसऱ्या बाजूला उणे होऊन उडून जाते. चूक शोधायचीच नाही, चूक जिथे उरत नाही अशी राशी निवडायची. 2019 साली प्रसिद्ध झालेल्या, एम-87 दीर्घिकेतल्या कृष्णविवराच्या चित्रामागे हीच राशी होती. पण त्या बेरजेत चुकीबरोबर आणखी एक गोष्टही उडून जाते: उगम आकाशात नेमका कुठे आहे ते. आकार कळतो, पत्ता नाही. पुन्हा तोच खुंटा.

खुंट्याचं सगळ्यात गंभीर उदाहरण 2017 चं आहे. अर्जेंटिनाची ‘आरा सान हुआन’ ही पाणबुडी 15 नोव्हेंबरला 44 जणांसह बेपत्ता झाली. त्याच दिवशी एका मोठ्या आघातासारखा आवाज अणुचाचणी-बंदी कराराच्या देखरेख जाळ्यातल्या दोन केंद्रांनी टिपला होता, एक असेन्शन बेटाजवळचं, दुसरं क्रोझे बेटांजवळचं. हजारो किलोमीटर दूर, वेगवेगळ्या महासागरांत. अशा केंद्रांत तीन हायड्रोफोन त्रिकोणात, साधारण दोन किलोमीटरच्या अंतरानं, पाण्यात तरंगते बांधलेले असतात. खाली नांगर, वर बोया, मध्ये दोर. प्रवाहात ते डुलतात. शिवाय वाटेतल्या पाण्याचं तापमान बदलतं, त्याबरोबर आवाजाचा वेग आणि वाटही बदलते. मग 1 डिसेंबरला अर्जेंटिनाच्या नौदलानं, पाणबुडीची शेवटची माहीत असलेली जागा धरून, एक स्फोटक समुद्रात टाकलं. जागा माहीत, वेळ माहीत. त्याच दोन केंद्रांनी तो आवाज ऐकला. ही झाली कसोटी. दोन्ही आवाज जवळपास एकाच वाटेनं आले, म्हणून वाटेच्या आणि केंद्रांच्या चुका दोन्हींत सारख्या, आणि वजाबाकीत त्यांचा मोठा भाग गळून पडतो. वर्षभरानं, नोव्हेंबर 2018 मध्ये, सुमारे 900 मीटर खोलीवर पाणबुडीचे अवशेष सापडले. त्या 44 जणांसाठी यातल्या कशाचाच उपयोग नव्हता, हे मला लिहून ठेवलंच पाहिजे. पण ‘कुठे’ या प्रश्नाला घरच्यांच्या दृष्टीनं काय अर्थ असतो, तेही आपण जाणतो.

समुद्रतळावर ठेवायच्या भूकंपमापकांचंही असंच. ते जहाजावरून सोडतात आणि ते वाहत वाहत खाली जातात. चार किलोमीटर खोलीवर पोचेतो तासभर जातो आणि तेवढ्यात जागा काहीशे मीटर सरकू शकते. मग जहाज वर फेऱ्या मारत खाली टिकटिक पाठवतं, उत्तराची वेळ मोजतं आणि यंत्राचा ठावठिकाणा काढतं. सेन्सर शोधायला आधी सेन्सरलाच उगम बनवायचं.

पहिल्या महायुद्धात भौतिकशास्त्रज्ञ लॉरेन्स ब्रॅगनं तोफांचा माग काढण्यासाठी मायक्रोफोनच्या रांगा लावल्या, तेव्हा त्याचं घोडं दुसरीकडे अडलं होतं. (त्याला नोबेल मिळाल्याची बातमी 1915 मध्ये याच कामावर असताना कळली, वय 25.) मायक्रोफोन जमिनीवर होते, त्यांच्या जागा मोजणीदारांनी चोख मोजून दिलेल्या. बेभरवशाचा होता वारा. वारा आणि तापमान आवाजाला पुढे-मागे ढकलतात, आणि शेवटी हिशेबाला दिसतो तो फक्त वेळ. मायक्रोफोन दहा मीटर सरकला की वाऱ्यानं आवाज तीस मिलिसेकंद अडवला, हे एका आकड्यावरून कसं सांगणार? हवेत दोन्हींचा परिणाम जवळजवळ सारखाच.

निसर्गाचाही यावरचा तोडगा बघण्यासारखा आहे. वर-खालची दिशा आपण कानाच्या पाळीच्या घड्यांवरून ओळखतो. 1998 साली नेदरलँड्समधल्या संशोधकांनी काही लोकांच्या कानांत साचे बसवून त्या घड्यांचा आकारच बदलला. डावं-उजवं बरंच शाबूत राहिलं, पण आवाज वरून आला की खालून हे कळेना. आठवड्याआठवड्यांनी मात्र ते जमू लागलं, कुणी शिकवणी घेतली नव्हती. आणि साचे काढल्यावर? जुन्या कानांची दिशा लगेच बरोबर. मेंदूनं जुना तक्ता पुसला नव्हता, शेजारी नवा ठेवला होता. आमच्या क्षेत्रातल्या कुठल्याही अल्गोरिदमला हे इतक्या सहज साधलेलं मी पाहिलेलं नाही.

मागोवा घेण्याची वेळ येते तेव्हा एक वेगळाच धोका असतो. काल्मन फिल्टर ही मागोवा घेण्याची हिशेबपद्धत, 1960 ची, आजही सगळीकडे चालते. दर मोजमापागणिक हा फिल्टर अंदाज थोडा सुधारतो आणि स्वतःची अनिश्चितता थोडी कमी करतो. शंभर मोजमापांनंतर अनिश्चितता दहापट कमी, असा साधारण हिशेब. पण तो तेव्हाच खरा, जेव्हा दर वेळची चूक नवी असते. सेन्सरची जागा चुकलेली असेल तर चूक दर वेळी तीच. फिल्टर मात्र तिला दर वेळी नवी समजतो आणि पडद्यावरचं अनिश्चिततेचं वर्तुळ आवळत नेतो, चुकीच्या जागेभोवती. एक चूक शंभरदा ऐकली की तिची खात्री पटते, हे यंत्रालाही लागू आहे. उपाय दोन. सेन्सरच्या जागाही अज्ञात मानून उगमाबरोबर त्यांचाही अंदाज घेत राहणे, किंवा स्टॅन्ली श्मिटनं सुचवलेली वाट: जागा सुधारायच्या नादी लागायचं नाही, पण त्यांची अनिश्चितता हिशेबात कायम बाळगायची, ती विरू द्यायची नाही. (दिशा शोधणारी ‘म्युझिक’ पद्धत काढणारे राल्फ श्मिट ते वेगळे. आडनावबंधू दोघे, एक सुया देणारा, दुसरा वर्तुळ मोठं ठेवणारा.) माझा कल दुसऱ्याकडे. सगळंच सोडवायला निघालेल्या हिशेबापेक्षा ‘हे मला माहीत नाही’ ही नोंद जपणारा हिशेब रात्री झोप लागू देतो.

उरलं जहाजाचं वळण. सरळ केबलला डावं-उजवं कळत नाही. उजवीकडे चाळीस अंशांवरचा आवाज आणि डावीकडे चाळीस अंशांवरचा आवाज, दोन्हींचे उशीर हुबेहूब सारखे. नुसत्या दिशांवरून उगमाचं अंतरही निघत नाही. दोन्हींसाठी ऐकणाऱ्यानं स्वतः वळावं लागतं. आणि वळलं की केबलचा आकार सगळ्यात जास्त बिघडतो. जहाज सेकंदाला पाच मीटर जात असेल तर 500 मीटरच्या केबलच्या शेपटापर्यंत वळण पोचायला शंभरेक सेकंद लागतात. तोवर ती अर्धी नव्या दिशेला, अर्धी जुन्या. या काळातल्या नोंदी बाजूला काढायच्या, असा साधारण रिवाज. फाईलवर सरळ ‘वळण’ असा शेरा मारून पुढे जातात.

मला तो रिवाज पटत नाही. पडद्यावर सगळ्या रेषा एकदम मोडतात हे खरं, पण त्या सगळ्या एकाच बाजूला मोडत नाहीत. उजवीकडच्या उगमांच्या एकीकडे, डावीकडच्यांच्या दुसरीकडे. शिवाय वाकलेली केबल सरळ केबलसारखी आंधळी नसते. तिच्या बाकाचा आकार माहीत असेल तर एकाच क्षणी डावं-उजवं वेगळं पडतं, वळण संपायची वाट बघावी लागत नाही. आणि बाकाचा अंदाज अगदीच हवेत नसतो: केबल बहुतांशी जहाजानं कापलेल्या वाटेनंच मागे येते, होकायंत्रं मध्ये मध्ये दुरुस्ती सांगतात, उरलेलं त्या सात जहाजांचे आवाज सांगतात. म्हणून नवी नोंद आली की मी आधी ‘वळण’ शेरा मारलेले तुकडे मागवून घेतो. ते पाठवणाऱ्यांना अजून वाटतं, मी कचरा मागतोय.